पिशवीतल्या रोपाला मूठभर रानमाती हवी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स.न.वि.वि.

रत्नागिरी जिल्ह्यात गेली अठरा वर्षं मी एक लहान रोपवाटिका चालवतो. मे महिना लागला की फोन सुरू होतात. ‘रोपं किती आहेत?’ एवढंच विचारतात. कुठली आहेत, हे विचारणारा वर्षातून एखादाच.

राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, मग 4, मग 13 आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. भांडणं झाली ती आकडा खरा की खोटा यावर. मला त्यात पडायचं नाही. पण डोंगरांवर काय उभं राहिलं ते दिसतं आहे: इथे गिरिपुष्प, तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ, पलीकडे नुसता साग. लावणाऱ्याची अडचण मला कळते. बाभळीला गुरं तोंड लावत नाहीत, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून नांग्या फारशा भराव्या लागत नाहीत आणि तीन वर्षांत फोटोपुरतं हिरवं होतं.

चीनच्या जियांग्शी प्रांतात 2009-10 मध्ये डोंगरउतारांवर दीड लाखाहून जास्त झाडं लावून एक प्रयोग सुरू झाला. काही तुकड्यांत एकच जात, काहींत दोन, चार, असं करत सोळापर्यंत. आठ वर्षांनी मोजलं, तेव्हा सोळा जातींच्या तुकड्यांत एकजातीच्या तुकड्यांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक कार्बन साठला होता. व्यापारी लागवडीच्या दोन जाती एकट्यानेही जवळपास तेवढ्याच वाढल्या, हेही सांगितलं पाहिजे. पण असं एखादं झाड निवडून सगळा डोंगर त्याच्या भरवशावर सोडायचा आणि उद्या त्यालाच कीड लागली, तर?

मिश्र रान जोमाने का वाढतं? कुणाची मुळं वर पसरतात, कुणाची खोल जातात, हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट मातीत आहे. एकाच जातीच्या झाडांखाली त्या जातीचे रोग साठत जातात. शेजारी परकी झाडं असली की त्यांना पसरायला अवघड जातं. आणि मुळांना लागून असते बुरशी. फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. मुळं पोहोचणार नाहीत अशा फटींत बुरशीचे तंतू शिरतात, स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणतात आणि झाडाकडून साखर घेतात. आमच्या जांभ्या मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, म्हणून इथल्या झाडांना ही सोयरीक जास्तच लागते. (झाडं बुरशीच्या तारांवरून गप्पा मारतात, असे व्हिडिओ आपल्यालाही आले असतील. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही. माझा मुद्दा त्यांच्यावाचूनही उभा राहतो.)

लोक विचारतात, ही बुरशी म्हणजे अळंबी का? आपण पावसात खातो ती रोवणाची अळंबी वाळवीने पोसलेली. ऐन, किंजळ, जांभूळ, साग यांच्या मुळांतली बुरशी वर छत्री काढतच नाही. तिचे बीजाणू मातीत असतात आणि वाऱ्यावर फारसे लांब जात नाहीत. जेसीबीने वरची वीतभर माती खरवडली की तीही गेली.

हे मी चूक करून शिकलो. एका वर्षी ऐनाच्या रोपांना डीएपी हे स्फुरदाचं रासायनिक खत दिलं. रोपं अशी तरारली की गिऱ्हाईक खूश. स्फुरद आयता मिळाला की मुळं बुरशीला जवळ करत नाहीत, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, लावल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतली बहुतेक वाळली. आता पिशवी भरताना पोयटा आणि शेणखतात बांधावरच्या जुन्या झाडाच्या बुंध्याजवळची मूठभर माती मिसळतो. रोपं दिसायला किरकोळ, पण टिकतात. बाजारात मायकोरायझाची पाकिटंही मिळतात. मला मात्र गावच्याच मातीचा भरवसा वाटतो.

म्हणून मागणं असं. लागवडीच्या निविदेत रोपांच्या संख्येइतकंच स्थानिक जातींच्या किमान संख्येलाही बंधन असू द्या. खड्डा मारताना वरची माती वेगळी काढून तीच मुळांशी परत टाकावी, अशी अट घाला. रोपवाटिकांना रानमाती वापरायला सांगा, पण देवरायांतून ट्रक भरून माती नेण्याची वाट उघडू नका; मूठ म्हणजे मूठच. आणि जिवंत रोपांची मोजणी पहिल्या वर्षीच नव्हे, पाचव्या वर्षीही करा.

शेवटची गोष्ट वेळेची. जांभळाचं बी वाळलं की मेलं. जूनमध्ये पडलं की काही दिवसांत पेरावंच लागतं. हिरडा-बेहड्याचं बी पावसाआधीच गोळा करून ठेवावं लागतं. मागणीचा कागद मे महिन्यात आला, तर माझ्याकडे तेव्हा विकायला गिरिपुष्पच असतं. पुढच्या पावसाळ्याची जातवार मागणी या दिवाळीपूर्वी कळवता येईल का, एवढं पाहावं.

आपला,
एक रोपवाटिकावाला, जि. रत्नागिरी