वॉटरपार्कचा फोटो लहान केला तरी चालेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'सुट्टीत मुलांना कुठे न्याल' म्हणून तुमच्या पुरवणीत अख्खं पान आलं होतं ते वाचलं. रिसॉर्ट, वॉटरपार्क, मॉलमधले प्ले झोन, सगळं छान आहे, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण आमच्यासारख्या डोंबिवलीकरांनी काय करायचं? घराचा हप्ता, जूनमध्ये शाळेची फी, त्यात माणशी हजाराच्या वर तिकीट आणि आत पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत.

आणि खरं सांगू का, चार वर्षांच्या पोराला रिसॉर्ट नकोच असतं हो, त्याला गाडी हवी असते. आमची लेक राणीच्या बागेत जाऊन आली की आजीला आधी ट्रेनचंच सांगते, मुंब्र्याचा डोंगर दिसला, कळव्याची खाडी दिसली, एक काकू लसूण सोलत होत्या, आणि वाघ वगैरे नंतर कधीतरी. पाच वर्षांखालच्या मुलांना लोकलचं तिकीट लागत नाही म्हणजे अर्धी पिकनिक फुकटातच झाली की. फक्त स्लो गाडी पकडायची, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघायचं आणि रविवार टाळायचा, कारण मेगाब्लॉकमध्ये लहान मूल घेऊन अडकलात तर काय होतं हे सेंट्रलवाल्यांना मी वेगळं सांगायला नको.

भायखळ्याला उतरून बाग चालत जाण्यासारखी आहे. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, ३ वर्षांवरच्या मुलांना २५, आणि आईबाबा व दोन मुलं असतील तर चौघांचे मिळून १००. पेंग्विनच्या हॉलमध्ये एसी आहे, त्यामुळे मे महिन्यात लोक तिथे पेंग्विन बघायला कमी आणि गार व्हायला जास्त येतात असं माझं स्पष्ट मत आहे (मीही त्यातलीच). पण माझी खरी आवडती जागा म्हणजे त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ सालचं, तिकीट किरकोळ, आत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत, वेगवेगळे धंदे करणारी माणसं, पोरं काचेला नाक लावून बघत बसतात. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच हा. १८६४ मध्ये इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले आणि उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, मग पुढे जोडून उभा केला. लेकीला ही गोष्ट सांगितली तर ती त्याच्याभोवती गोल फिरून कुठे कुठे जोडलाय ते शोधत बसली, मला बसायला सावली मिळाली आणि या करमणुकीचा खर्च शून्य.

तसंच डबल डेकरचं. जुन्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या पण आता एसीवाल्या आहेत, सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ पकडायची आणि वर पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडायची. एसी बसचं भाडं मे २०२५ पासून कमीत कमी १२ रुपये झालंय, आधी ६ होतं, दुप्पट झालं म्हणून मीही कुरकुर केली पण तरी १२ रुपयांत एवढी मजा दुसरीकडे नाही. वेस्टर्नवाल्यांना वर्सोवा-मढ फेरीबोट आहे, काही मिनिटांत पलीकडे, माणसांबरोबर बाइक पण चढवतात, आणि वर्सोव्याला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, वासाची तयारी ठेवून जा.

म्हणजे जागा आहेत. नसते ती माहिती, आणि ती छापणं तुमच्या हातात आहे म्हणून हे पत्र. राणीची बाग आणि म्युझियम दोन्ही बुधवारी बंद असतात हे कितीजणांना माहीत असतं? बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, हा आणखी एक घोळ. सुट्टीत दर बुधवारी गेटवर लांबून आलेली कुटुंबं उभी असतात, पोरं भोकाड पसरतात आणि वॉचमनला तेच ते सांगावं लागतं. बऱ्याच सार्वजनिक बागा दुपारी बंद करतात तेही तिथे पोचल्यावरच कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी जागेच्या नावाखाली चार ओळी द्या. साप्ताहिक सुट्टी कधी, दुपारी उघडं असतं का, पिण्याचं पाणी आहे का, बाबागाडी जाते की नुसत्या पायऱ्याच आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॉयलेट चालू आहे का. 'आहे का' नाही, 'चालू आहे का'. एका मोठ्या बागेत (नाव घेत नाही) टॉयलेटला कुलूप होतं, चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला आणि इकडे लेक दोन्ही पाय आवळून नाचतेय, अशा वेळी कारंजं किती सुंदर आहे याचं आईला काही पडलेलं नसतं.

पानावर जागा कमी पडत असेल तर वॉटरपार्कचा फोटो जरा लहान करा.

आपली नियमित वाचक,
एक आई, डोंबिवली (पूर्व)