पात्र उमेदवार नेमका अडतो कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुशिक्षितांना नोकरी का मिळत नाही, अशी चर्चा निघाली की 'पदव्या आहेत, पण कौशल्य नाही' हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्याकडे पदवी, कौशल्य आणि कामाची तयारी हे तिन्ही आहे, त्यांचेही अर्ज पहिल्याच फेरीत का बाद होतात, याचे उत्तर त्या वाक्यात सापडत नाही. माझ्या मते दोष बऱ्याच अंशी निवडीच्या पद्धतीत आहे. काम करण्याची क्षमता पारखणे वेळखाऊ असते, म्हणून मोजायला जे सोपे तेवढेच मोजले जाते.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याचे मूळ उलगडून दाखवले होते. उमेदवार प्रत्यक्ष कामात कसा निघेल हे नेमणूक करणाऱ्याला आधी कळण्याचा मार्ग नसतो, त्यामुळे तो पदवीकडे गुणवत्तेची खूण म्हणून पाहतो. ही खूण पुष्कळांकडे आली की तिच्यावरून निवड करता येत नाही. मग त्याच कामासाठी आणखी वरची पदवी किंवा अमुक इतक्या वर्षांचा अनुभव मागितला जातो. काम मात्र होते तेच राहते. गंमत अशी की, निवडपद्धतींवरील अनेक दशकांच्या संशोधनाचा मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली जो एकत्रित आढावा घेतला, त्यात उमेदवार पुढे कसे काम करील याचा अंदाज बांधण्यासाठी अनुभवाची वर्षे फारशी उपयोगी ठरली नाहीत. कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना ठरावीक तेच प्रश्न विचारणारी मुलाखत या पद्धती कितीतरी सरस ठरल्या. तरीही जाहिरातींत वर्षांचीच अट ठळकपणे छापली जाते.

अर्जांची छाननी संगणकाकडे गेल्यापासून ही अट अधिकच कडक झाली आहे. माणूस निदान अपवाद करू शकतो, यंत्रणा तो करीत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर ही सल्लागार कंपनी यांच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले आहे की, जाहिरातीतील निकषांशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे उच्च कौशल्याचे उमेदवारही बाद होतात. नोकरीत सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड दिसला की अर्ज आपोआप वगळणाऱ्या कंपन्या त्या पाहणीत निम्म्याच्या आसपास होत्या. तो खंड बाळंतपणामुळे पडला, घरातल्या आजारपणामुळे पडला की मंदीमुळे, हे विचारण्याची सोयच तिथे नसते. म्हणजे आधी नोकरी मिळत नाही, आणि ती मिळाली नाही हेच पुढच्या नकाराचे कारण बनते. ज्याला सर्वाधिक निकड आहे त्यालाच ही पद्धत सर्वांत मागे ढकलते, हे मला या सगळ्यात अधिक अन्यायाचे वाटते.

ओळखीचा प्रश्न तर जुनाच आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतील व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय पदांवरील लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळाल्याचे आढळले. यात दर वेळी वशिलाच असतो असे नाही, कित्येकदा जागा रिकामी असल्याची नुसती बातमी वेळेवर कानावर येते इतकेच; पण ज्याच्या परिचयात कोणी नोकरदारच नाही, त्याच्यापर्यंत ती बातमी पोहोचणार कशी?

उमेदवारांनी अर्ज नीटनेटका लिहावा, मुलाखतीची तयारी करावी, हे सल्ले चुकीचे नाहीत, मात्र केवळ त्यांनी पद्धत सुधारत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात, कृष्णवर्णीयांना मोठ्या प्रमाणावर वगळणारी आणि प्रत्यक्ष कामाशी संबंध सिद्ध न झालेली शालान्त प्रमाणपत्राची अट अवैध ठरवली होती. वंशभेदाचा प्रश्न नसेल तिथेही ही कसोटी स्वेच्छेने लावता येईल. पदाची जाहिरात काढणाऱ्याने प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी आवश्यक आहे हे एका ओळीत लिहावे, आणि जिथे ते लिहिता येणार नाही ती अट काढून टाकावी. पहिल्या फेरीत तासाभराचे नमुनाकाम द्यावे. आतल्याच व्यक्तीची निवड आधी ठरली असेल, तर निव्वळ उपचार म्हणून अर्ज मागवू नयेत.

आपला विश्वासू,
एक वाचक