इकडं माग नाही

आज्जा, आई, पप्पा,

सगळ्यांना नमस्कार. चिनूला नाही, तिनं माझी सायकल घेतलीय म्हणे. आई, हे आज्जांना मोठ्यानं वाचून दाखव आणि इचलकरंजीला आत्याला पण फॉरवर्ड कर, नाहीतर ती म्हणणार मला कोण काय सांगतच नाही.

अमेरिकेत ह्या संगीतशाळेत पोचलो त्या दिवशी फोनवर नीट बोलता आलं नाही कारण रेंज नव्हती आणि खरं सांगायचं तर मी रडायच्या बेतात होतो. विमानाच्या काउंटरवर व्हायोलिन लगेजमध्येच टाका म्हणून अर्धा तास हुज्जत झाली, शेवटी वरती केबिनमध्ये नेऊ दिलं, पण एवढं सांभाळून आणून इथं केस उघडली तर चारी तारा ढिल्या आणि घोडी, म्हणजे तारांखालची ती लाकडी पट्टी, आडवी पडलेली! आपल्याकडं पावसात खुंट्या फुगून इतक्या घट्ट होतात की कॅम्प भागातल्या सरांना पकड लावावी लागते, आणि विमानातल्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या आकसून सुटल्या. माझा रूममेट कोरियाचा आहे, त्यानं काय विचारलं नाही, नुसता शेजारी बसला, घोडी उभी करून धरली आणि मला एकेक तार थोडी थोडी आवळायला लावली. एक तार पूर्ण आणि मग दुसरी असं नाही, चारी मिळून हळूहळू. आतली ती छोटी काठी पडली नव्हती म्हणून वाचलो, ती पडली असती तर कारागीर शोधत फिरावं लागलं असतं. त्याला लगेच गोकाकचा करदंट दिला. त्यानं खाल्ला, उरलेल्या पुड्याकडं बघितलं आणि अजून दोन मागितले. आता पुडा संपत आलाय, आई.

जागा लई भारी आहे. न्यूयॉर्कहून ट्रेननं वर उत्तरेला यायचं, वेस्टपोर्ट नावाचं बारकं गाव, एका बाजूला शॅम्प्लेन नावाचं लांबच्या लांब तळं आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅडिरॉन्डॅकचे डोंगर. डोंगर बघून मला चोर्ल्याच्या घाटाची आठवण झाली, पण तिथल्यासारखी लाल माती कुठं नाही. रात्री साडेआठला पण उजेड असतो त्यामुळं पहिले तीन-चार दिवस झोपच येईना.

मेडोमाउंट हे ह्या संगीतशाळेचं नाव पप्पांना पाठ झालंय, पण आज्जांना परत सांगतो. 1944 साली इवान गालामियान नावाच्या व्हायोलिनच्या मास्तरांनी हे चालू केलं, मूळचे आर्मेनियन, जन्म इराणातला. मोठे व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन पोरगा असताना इथंच येऊन शिकले, चौथ्या वर्षी पोलिओ झालेला माणूस, आजसुद्धा बसून वाजवतात. चेलो वाजवणारे यो-यो मा पण इथंच शिकलेले. हे सगळं ऐकून मला वाटलं होतं मोठे हॉल, काचेच्या बिल्डिंगा असतील. तसं काय नाही हो, साध्या लाकडी खोल्या, भिंती पातळ, आणि रोज पाच तास आपापल्या खोलीत एकट्यानं प्रॅक्टिस, सक्तीची. बाहेरनं कोणतरी फेरी मारत ऐकत जातं. आवाज बंद झाला की दारावर टकटक. मी एकदा पडल्या पडल्या मोबाईल बघत होतो, सापडलो, जाऊ दे.

आता खरी गोष्ट. इथं एक म्हण आहे, तुमची प्रॅक्टिस चालू असताना बाहेरनं जाणाऱ्या माणसाला तुम्ही काय वाजवताय ते ओळखू आलं तर तुमची प्रॅक्टिस चुकतेय. मला पहिल्यांदा हसू आलं. म्हणजे बघा, वडगावात शेजारच्या काकू खिडकीतनं ओरडायच्या, बाळा ते गाणं वाजव की, आणि मी वाजवायचो, आणि त्यांना ओळखू आलं की मी खूश. मला वाटायचं ह्यालाच वाजवणं म्हणतात!

पहिल्या लेसनला मेंडेल्सन नावाच्या संगीतकाराच्या ई मायनर कॉन्चेर्टोची, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायच्या मोठ्या रचनेची, सुरवात वाजवली, तीच जी मी सहा महिने घासलीय. मॅडमनी पूर्ण ऐकलं, मान हलवली, मग त्या पानाची झेरॉक्स काढली आणि कात्रीनं त्याच्या पट्ट्या कापल्या, एकेका पट्टीवर दोन-दोन बार, म्हणजे तालाचे छोटे तुकडे. सगळ्या पट्ट्या टोपीत टाकल्या आणि म्हणाल्या एक उचल. जी येईल ती वाजव, पुढचं मागचं विसर. मी उचलली. वाजवली. अहो आज्जा, येतच नव्हतं! पूर्ण वाजवताना जे गाडीसारखं भरकन जायचं त्यातले दोनच बार सुटे काढले तर तिसरं बोट खाली पडत होतं आणि बो, म्हणजे गज, तारेवर खरखरत होता. ती एक पट्टी तासभर चालली. आधी इतकी हळू की सूर कुठला तेच कळू नये, मग लांब-आखूड लांब-आखूड करून, मग उलटं आखूड-लांब.

त्या रात्री मला एक कळलं आणि ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं. घरी मी माडीवर वाजवायचो आणि खाली दोन माग खटाखट चालू. मला मागाच्या ठेक्याची सवय झालीय हे खरं, ताल कधी चुकत नाही, मॅडमनी पण ते बोलून दाखवलं. पण त्या आवाजात माझी खरखर मला कधी ऐकूच आली नव्हती. इकडं माग नाही. खिडकीबाहेर झाडं आणि शेजारच्या खोलीत कोणतरी तीन सूर वीस मिनिटं उगाळतंय, बस. इतक्या शांततेत माझा मलाच आवाज ऐकून पहिले दोन दिवस लाज वाटली.

आणि आज्जा, मी सातवीत असताना तुम्ही मला मागावर बसवलं होतं ते आठवतंय काय? ताण्यातला एक धागा तुटला होता आणि मी म्हटलं असू दे की एकच आहे. तुम्ही माग बंद केला, चष्मा कपाळावर घेतला, फणीतनं तो एकटा धागा शोधून काढला, गाठ मारली, मग चालू केला. म्हणालात, तसाच सोडलास तर लुगडं संपेपर्यंत रेघ दिसत राहील. मॅडमना मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, परत सांग, माग किती वेळ थांबतो? मी म्हटलं गाठ बसेपर्यंत.

अजून एक. भजनाच्या सवयीनं माझं बोट एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जातं, मींड घेतल्यासारखं, आणि मेंडेल्सनमध्ये ते चिकट वाटतं म्हणे. मला थोडा राग आला. आपल्याकडं तर त्याच्याशिवाय अभंग म्हणजे मीठ नसलेली आमटी. पण दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या तुमच्याकडचं काहीतरी वाजव, मी खाली मांडी घालून बसलो, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवलं आणि तुम्ही पेटीवर घेता ती चाल वाजवली. त्या पण खाली बसल्या. मग म्हणाल्या घसरायचं तर मुद्दाम घसर, आपोआप होऊ देऊ नको. ह्यावर मला उत्तर सुचलं नाही.

जेवण ठीक. भात मिळतो पण आमटी नाही. पप्पा, लोनचा हप्ता पाच तारखेला आहे तेवढं बघा, स्कॉलरशिपचा कागद मेल केलाय.

पुढच्या शनिवारी मी आणि तिघं मिळून क्वार्टेट वाजवणार, मी दुसरा व्हायोलिन. इकडं रात्रीचे आठ म्हणजे तुमच्याकडं रविवारी पहाटेचे साडेपाच, म्हणून लाइव्ह नको, रेकॉर्डिंग पाठवतो. आज्जा, ते ऐकताना तेवढी दहा मिनिटं माग बंद ठेवा. दोन्ही.

तुमचा,
बाळ