अभ्यासाचे तास आणि चुकांची वही

संपादक महोदय,

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की ‘दिवसाला बारा-बारा तास बसलो होतो’ हे हमखास कानावर येते. मेहनत खरी असते, पण ती गुणांत उतरत नाही. सामान्य अध्ययनाचा पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा. चुकीच्या प्रत्येक उत्तराला अर्धा गुण कापला जातो. 60 बरोबर आणि 30 चूक, तर 120 चे 105 होतात.

दर रविवारी लोकसेवा आयोगाची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेवरची वर्तुळे काळी करतच सोडवावी. खरे काम त्यानंतरचे. एका वहीत प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: माहितीच नव्हती, वाचलेले आठवले नाही, की ‘अयोग्य विधान ओळखा’मधला ‘अयोग्य’ नजरेतून सुटला? पहिल्याला वाचन, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला वेळ लावून सराव. बहुतेक मुले तिन्हींवर नवे पुस्तक आणतात, तिथेच घोडे पेंड खाते. सीसॅटला, म्हणजे उतारे आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरला, पात्र ठरायला 33 टक्के पुरतात म्हणून तो शेवटच्या महिन्यावर ढकलला जातो. उतारे वाचण्याचा वेग मात्र महिन्याभरात येत नाही.

अभ्यासिका आणि क्लासेसनी हजेरीबरोबर ही चुकांची वहीही दर आठवड्याला तपासावी, ही कळकळीची विनंती.

– एक स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, पुणे