‘पावणेआठ झाले’ म्हणून हसू नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला छोट्या जाहिरातींवरचा लेख वाचला. पंधरा-वीस सेकंदांत गोष्ट सांगून हसवणं सोपं नाही, हे मान्य. पण त्यात ‘घराघरांत पोचलेला विनोद’ म्हणून जिचं कौतुक केलंय, ती कानाच्या मशीनची जाहिरात आमच्याही घरात पोचली, म्हणून हे पत्र.

नात सांगते, “आजोबा, पाहुणे आले!” आजोबा विचारतात, “काय? पावणेआठ झाले?” सगळं घर खदाखदा हसतं. मग मशीन दाखवतात. संपलं.

आमच्या यांनी इचलकरंजीत ३१ वर्षं मागावर काढली. शेडमध्ये माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागतं. यांचे कान त्या आवाजानेच गेले. मशीन घ्या म्हणून मी तीन वर्षं मागे लागले होते. चारचौघांत कसं दिसेल, म्हणून ते टाळत होते. शेवटी गेल्या दिवाळीत १८ हजार मोजून घेतलं. ही जाहिरात लागायला लागली आणि आमचा सात वर्षांचा नातू, हे दारातून आत आले की ओरडायला लागला, “पावणेआठ झाले!” पोराला काय कळतंय? मी त्याला रागावले, तर मोठ्यांनाच हसू आवरेना. त्या दिवशी यांनी मशीन काढून खणात ठेवलं. बोलले काहीच नाहीत. मी कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर तिथली मुलगी म्हणते, “काकू, गंमत म्हणून घ्या ना.” ज्याला मशीन विकायचं त्यालाच हसायचं, हा कुठला धंदा?

लेखात फेविकॉलच्या बसचंही उदाहरण आहे. २००२ ची ती जाहिरात मला लख्ख आठवते. वाळवंटातला रस्ता, टपावर, दारात, मागे, जिथे जागा मिळेल तिथे माणसं, बस हेलकावे खातेय आणि पडत कुणीच नाही. मागे फेविकॉलची पाटी. तसंच ते ढाब्यावरचं काही केल्या न फुटणारं अंडं. कोंबडी दाणे टिपत होती फेविकॉलच्या डब्यातून! तिथे हसू येतं ते चिकटण्याचं. बसमधल्या माणसांना कुणी हसत नाही. धारा तेलाच्या जाहिरातीतला रुसून निघालेला पोरगा जिलबीचं नाव ऐकून घरी परततो, तेव्हा हसता हसता त्याला उचलून घ्यावंसं वाटतं. या जाहिराती आणि आमची ‘पावणेआठ’ लेखकाने एका माळेत ओवल्या, याचा मला फार राग आला.

वेळच कमी असतो, हे कारणही पटत नाही. बसच्या जाहिरातीत तर कुणी संवादही म्हणत नाही. बहिरा, तोतरा, जाडा माणूस समोर उभा केला की गोष्ट रचायचे कष्ट वाचतात, एवढंच.

जाहिरात व्यवसायानेच १९८५ साली मुंबईत ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था स्थापन केली. वय किंवा शारीरिक स्थितीवरून कुणाची टिंगल करू नये, असं तिच्या आचारसंहितेत आहे. लेखात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. उलट शेजारच्याच पानावर त्याच मशीनची पाव पान जाहिरात होती.

आणखी एक. हिंदी जाहिराती मराठीत आणताना निदान वाक्यं तरी मराठी करा. ‘माझी मदत करा’ असं कुठलं मराठी माणूस बोलतं? आपण ‘मला मदत करा’ म्हणतो. हिंदी शब्दावरची कोटी मराठीत तशीच ठेवली तर हसू कुठून येणार? नातवंडं हीच भाषा उचलतात.

अशा जाहिरातींची तक्रार कुठे आणि कशी करायची, याची माहिती आपण मराठीतून, त्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी