दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग आम्हाला कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंबड औद्योगिक वसाहतीत मी आणि माझे दीर भागीदारीत लेथचं वर्कशॉप चालवतो. नऊ वर्षं ज्या कंपनीला बुश आणि पिना करून दिल्या, ती दोन वर्षांपूर्वी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. आमचे १४ लाख अडकले. चलनं, बिलं जोडून दावा भरला आणि २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता तेव्हा पहिल्यांदा वाचायला घेतली.

संहितेचे भाग पाच. दुसरा कंपन्यांचा, आमचं प्रकरण त्याखाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात आहे. तिथे कंपनीचं पुढे काय करायचं ते ठरवते धनकोंची, म्हणजे कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांची समिती; त्यात मुख्यतः बँका. माल पुरवणाऱ्यांना मत नाही. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर कलम ५३ मधल्या पैसे वाटपाच्या क्रमात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका बरोबरीने, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, बिनतारणी कर्जं, सरकारी देणी आणि त्याखाली आम्ही. कामगार वर आहेत ते योग्यच आहे, त्यांची घरं त्यावर चालतात.

पण त्या १४ लाखांपायी आता आमचेच हप्ते थकलेत. अशा वेळी कामाचा तो संहितेचा तिसरा भाग, व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीचा. कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला की वसुली तात्पुरती थांबते, परतफेडीचा आराखडा धनकोंपुढे ठेवता येतो. मात्र १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. आमच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. कर्ज किमान पाचशे रुपये असलं किंवा वसुलीपायी अटक झालेली असली, तर ऋणकोने, म्हणजे कर्जदाराने, जिल्हा न्यायालयात अर्ज करावा, असं त्यात लिहिलंय! वकिलांनी ते कलम वाचून दाखवलं तेव्हा दीर काही न बोलता उठून गेले.

आमच्या रांगेतले बहुतेक गाळे एकट्याच्या मालकीचे किंवा भागीदारीचे आहेत. केंद्राने तिसरा भाग आम्हालाही लागू करावा आणि निमा, आयमा या आमच्या संघटनांनी खासदारांमार्फत ही मागणी लावून धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक लघुउद्योजिका,
अंबड, नाशिक