गुडघ्यात कोणते औषध सोडले, ते केसपेपरवर लिहायला लावा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आटोपली की सांध्यात २० मि.लि. ०.५ टक्के बुपिव्हॅकेन हे भुलीचे औषध सोडायचे, ही अनेक ठिकाणची रीत आहे. रुग्ण रात्री शांत झोपतो. भिजत राहते ती कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. तिला रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. तिथल्या पेशी मेल्या तर जागा सहसा भरून येत नाही आणि त्या मरताना दुखतही नाही. दुखणे सुरू होते महिन्यांनी, तोवर इंजेक्शन सगळेच विसरलेले असतात.

नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ३५ रुग्णांची माहिती जाहीर केली. शस्त्रक्रियेनंतर पंपाने सांध्यात सतत, साधारण ४८ ते ७२ तास, भुलीचे औषध सोडले होते आणि कूर्चा नष्ट झाली. जवळजवळ सगळे खांदे होते. पण गुडघ्यातली कूर्चा काही वेगळ्या मातीची नाही. एकाच इंजेक्शनाने रुग्णाचा सांधा जातो असे सिद्ध झालेले नाही, आमचा तसा दावाही नाही. प्रयोगशाळेत मात्र औषध जितके तीव्र आणि जितका वेळ राहील, तितक्या जास्त पेशी मरतात. रोपिव्हॅकेन या दुसऱ्या भुलीच्या औषधाने त्या मानाने कमी. भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवणारे औषध) मिसळलेली बाटली साध्या बाटलीहून वाईट, कारण अॅड्रेनालिन टिकावे म्हणून ते मिश्रण आम्लधर्मी ठेवतात आणि त्यात मेटाबायसल्फाइट हे टिकवणारे रसायन घालतात. तरीही साधी लिग्नोकेन (हेही भुलीचे औषध) आणि अॅड्रेनालिनवाली लिग्नोकेन एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवतात, हे अनाकलनीय आहे.

स्टेरॉइडचेही तेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झिजलेल्या गुडघ्यात दर तीन महिन्यांनी ४० मि.ग्रॅ. ट्रायमसिनोलोन असे दोन वर्षे दिले. दुखणे सलाइनपेक्षा कमी झाले नाही, कूर्चा मात्र अधिक पातळ झाली. "तीन महिन्यांनी पुन्हा या" हे वाक्य सवयीने बोलले जाऊ नये.

सध्या केसपेपरवर "गुडघ्यात इंजेक्शन दिले" एवढेच असेल, तर पुढे सांधा बिघडल्यावर कारण शोधणार कसे? म्हणून सरकारी रुग्णालयांना एक परिपत्रक काढावे. औषधाचे नाव, टक्केवारी, मि.लि., अॅड्रेनालिन होते की नाही, बॅच क्रमांक आणि त्याच गुडघ्यातल्या आधीच्या इंजेक्शनांच्या तारखा शस्त्रक्रियेच्या नोंदीत आणि डिस्चार्ज कार्डावर याव्यात. सांध्याच्या पोकळीत पंपाची नळी ठेवणे बंद करावे. मांडीतल्या नसेजवळ भूल देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. अॅड्रेनालिनवाल्या बाटल्यांना वेगळे कपाट द्यावे. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात सांध्यातली फट झपाट्याने कमी झालेली एक्स-रेत दिसली, तर ती घटना औषध दुष्परिणाम नोंदणी केंद्राकडे कळवणे बंधनकारक करावे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे; ती शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लावायला खर्चही येत नाही.

आपले,
अस्थिरोग आणि भूलशास्त्र विभागांत काम करणारे डॉक्टर